पुन्हा उपयोगी

शास्त्रवाचन : प्रे. कृत्ये १५:३६-४१; २ तीमथ्य ४:९-२१



'ब्लॅक सॅबथ', म्हणजे 'काळा शब्बाथ', असे ज्या रॉक बँडचे नाव, त्याचा उल्लेख या पानावर पाहून काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. त्यांच्या गीतांची शिफारस मी करीत नाही. परंतु आपल्या प्रभूने अन्यायी कारभाऱ्याच्या गोष्टीतूनही शिष्यांना धडा दिला (लूक १६). म्हणून क्षणभर या चौघांकडे पाहू या.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीत वाढलेल्या चार तरुणांनी १९६८ मध्ये हा बँड उभारला. १९७९ मध्ये गायक ऑझी ऑस्बर्न यांना व्यसनापायी काढून टाकण्यात आले. तो निर्णय कळविण्याचे काम त्यांचे मित्र, ड्रमवादक बिल वॉर्ड यांच्यावर आले. आणि वॉर्ड स्वतःही मद्यपाशात होते! १९९७ पासून हे सोबती अधूनमधून एका मंचावर आले. परंतु त्याच गायकासह नव्या गीतांचा पूर्ण संग्रह निघण्यास २०१३ साल उजाडले. १९७८ नंतर तब्बल पस्तीस वर्षांनी '१३' हा आल्बम निघाला. गिटारवादक टोनी आयोमी यांनी तर कर्करोगावर उपचार घेत त्यात काम केले. मात्र कराराच्या वादामुळे वॉर्ड त्यात नव्हते. समेट झाला, तरी एक जागा रिकामी राहिली.

आता पौलाकडे वळू या. मार्क म्हणविलेला योहान पंफुल्यात सेवा सोडून माघारी गेला होता. त्याला पुन्हा बरोबर न्यावे की नाही, यावरून पौल व बर्णबा यांची ताटातूट झाली. तेथील मूळ ग्रीक शब्द 'पारॉक्सिस्मॉस' हा साध्या मतभेदाचा नव्हे, भडक्याचा आहे. पण बर्णबाने मार्काचा हात सोडला नाही. पुढे तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये. आणि त्याच्यासाठी तो 'युख्रेस्तॉस', म्हणजे उपयोगी, हा शब्द योजतो. पळून गेलेल्या अनेसिमासाठीही त्याने हाच शब्द वापरला आहे (फिलेमोन ११). पौल केवळ क्षमा करीत नाही. ज्या सेवेत मार्क उणा पडला, त्याच सेवेत त्याला पुन्हा बोलावतो.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांत काय घडते? एखादा गायक व्यसनात पडतो, सावरतो, पश्चात्ताप करतो. "आम्ही त्याला क्षमा केली," असे आपण म्हणतो. पण गीतपुस्तक त्याच्या हाती पुन्हा कधीच येत नाही. वर्षानुवर्षे तो शेवटच्या बाकावर बसून राहतो. पारख अवश्य व्हावी, तिला वेळही द्यावा. परंतु पारखीला अंत असावा. ज्या क्षमेत कामाला जागा नाही, ती अर्धीच क्षमा होय.

आणि विलंब नको. तीमथ्याने हिवाळ्यापूर्वी यावे, असे पौल कळकळीने विनवितो, कारण आपला प्रयाणकाळ जवळ आल्याचे तो जाणतो. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅम येथे वॉर्ड परतले आणि चौघे पुन्हा एकत्र उभे राहिले. त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलैला, ऑस्बर्न निवर्तले. सतरा दिवस! जगाच्या लोकांना इतके साधले. कृपेने तारलेल्या आपण कोणाची जागा अजून रिकामी ठेवली आहे?

हे प्रभो, ज्याला आम्ही बाजूस सारले, त्याचे नाव आम्हांला आठवू दे. आणि हिवाळ्यापूर्वी त्याच्या दारी जाण्याचे बळ दे. आमेन.