परतीचे भाडे

विवाहपूर्व प्रशिक्षण शिबिराच्या अखेरच्या सत्रात अर्धा तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवण्याची आमच्या धर्मग्रामात प्रथा आहे. प्रश्न बहुधा ठरलेले असतात: मिश्र विवाहाचे कागद, चर्चची सजावट, मिस्साच्या वेळा. गेल्या शिबिरात मात्र एका तरुणीने पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी काढून माझ्या मेजावर ठेवली. "फादर, ही मी दोनदा वाचली, दोन्ही वेळा रडले. पण असं प्रेम केलं तर माणूस खरंच बरा होतो का?" तिचा नियोजित वर शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली. प्रश्न केवळ कादंबरीविषयी नाही, हे माझ्या ध्यानी आले. "वाचून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

ती कादंबरी म्हणजे फ्रान्सिन रिव्हर्स या अमेरिकन लेखिकेची 'रिडीमिंग लव्ह'. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली आणि २०२२ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने प्रेमकथा वाचावी की नाही, हा प्रश्न वाचकांनी उदार मनाने बाजूला ठेवावा. मी ती चार रात्रींत वाचून काढली.

कथा घडते कॅलिफोर्नियात. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे जेम्स मार्शल याला सोन्याचे कण सापडले आणि पुढील वर्षी जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसांची रीघ लागली. ही वस्ती जवळजवळ पुरुषांचीच होती. दहा माणसांमागे एकही स्त्री नव्हती. अशा ठिकाणी स्त्रीचे काय मोल होते आणि कोणत्या अर्थाने 'मोल' होते, हे सांगावयास नको. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची गत तर त्याहून भीषण झाली. १८४८ च्या सुमारास दीड लाखाच्या घरात असलेली त्यांची संख्या १८७० पर्यंत तीस हजारांवर आली. या प्रकारच्या प्रेमकथांत ते लोक क्वचितच दिसतात, ही माझी पहिली तक्रार. दोन घायाळ जीवांची कथा सांगताना ज्या मातीवर त्यांचे घरकुल उभे राहते, त्या मातीची जखम लेखकाने विसरावी काय? असो.

सारा ही अवघ्या आठव्या वर्षी विकली गेलेली मुलगी. 'एंजल' या नावाने ती सोन्याच्या खाणींजवळच्या एका कुंटणखान्यात दिवस कंठते आहे. मायकेल होशेय हा शेतकरी. गुलाम बाळगणाऱ्या जमीनदार पित्याचे घर सोडून तो आला आहे. हिच्याशीच विवाह कर, अशी परमेश्वराची आज्ञा त्याला होते. आडनावावरून सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल. जुन्या करारातील होशेय संदेष्टा आणि त्याची पत्नी गोमर यांचीच ही कथा लेखिकेने सोन्याच्या खाणींत नेऊन सांगितली आहे. एंजल पळून जाते, मायकेल तिला परत आणतो. पुन्हा जाते, पुन्हा तेच.

मी धर्मगुरू असल्यामुळे माझे लक्ष नको तिथे अडकले. हा विवाह लागतो कसा? तर एंजलला मारहाण होऊन ती मरणप्राय अवस्थेत पडली असता मायकेल तिला विचारतो आणि ती कसाबसा होकार पुटपुटते. तरुण वाचकांचे डोळे येथे पाणावतात. माझ्यासमोर मात्र विवाह नोंदवही उभी राहिली. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधान संहितेचे १०५७ वे कलम सांगते की, विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने, आणि त्या संमतीची जागा दुसरी कोणतीही मानवी सत्ता घेऊ शकत नाही. ज्या स्त्रीला धड शुद्ध नाही, तिचा होकार कसला? तिला सोडविण्याचा हेतू कितीही पवित्र असो, सुटका म्हणजे संमती नव्हे. तेव्हा ती पुनःपुन्हा पळते, याचे मला नवल वाटले नाही. 'हो' म्हणण्याची संधीच जिला मिळाली नाही, तिने 'नाही' म्हणून आपले अस्तित्व सिद्ध केले.

लेखिकेलाही हे जाणवले असावे. कारण अखेरच्या वेळी एंजल निघून जाते तेव्हा मायकेल तिच्यामागे जात नाही. तो थांबतो, प्रार्थना करतो, शेत नांगरतो. तीन वर्षे लोटतात. या काळात एंजल सॅन फ्रान्सिस्कोत आपल्यासारख्याच स्त्रियांसाठी काम उभे करते आणि मग स्वतःच्या पायांनी परत येते. माझ्या मते त्या दोघांचा विवाह खऱ्या अर्थाने त्या दिवशी लागला.

हे वाचताना मला याच जातीची, पण याहून जुनी व शांत अशी एक कादंबरी आठवली. कॅनडातील जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही १९७९ सालची. अमेरिकेतील अशा ख्रिस्ती प्रेमकथांची लाट बरीचशी तिच्यापासूनच उसळली, असे मानतात. पश्चिमेकडे वस्ती करावयास निघालेली मार्टी ही नवविवाहिता अपघातात पती गमावते. पोटात मूल आहे, जवळ पैसा नाही, हिवाळा तोंडावर आहे. दफनाच्याच दिवशी क्लार्क नावाचा एक विधुर तिच्यापुढे प्रस्ताव ठेवतो. त्याच्या लहानग्या मुलीला आई हवी आहे. मार्टीला छप्पर हवे आहे. पाळक आजच जाणार, वसंत ऋतूपर्यंत परतणार नाही. लग्न केवळ नावापुरते. आणि पुढे तो म्हणतो की, वसंतात पूर्वेकडे जाणारा गाड्यांचा तांडा येईल, तेव्हा तुला जावेसे वाटले तर तुझे परतीचे भाडे मी भरीन. अट एकच, मुलीला सोबत ने. तिला आई हवी.

येथे माझ्यातील कायदेपंडित पुन्हा जागा झाला. भविष्यकाळावर अट ठेवून केलेला विवाह अवैध, असे ११०२ वे कलम स्पष्ट सांगते. म्हणजे पहिल्या कथेत संमती अपुरी आणि दुसरीत अट! दोन्ही जोडपी माझ्या कार्यालयात आली असती, तर दोघांनाही मी परत पाठविले असते. आणि गंमत अशी की, जी अट त्या विवाहाला कायद्याने पोकळ करते, तिच्यामुळेच त्या घरात प्रेमाला श्वास घेता येतो. क्लार्क शेडमध्ये निजतो, निजण्याची खोली तिला देतो. मार्टीला धड स्वयंपाक येत नाही. आपल्या धिरड्यांसारखे पॅनकेक तेवढे जमतात. दिवसच्या दिवस तेच ताटात येते आणि हा गृहस्थ मुकाट्याने खातो. तो तिच्या दुःखाला औषध देऊ पाहत नाही, कारण त्याची स्वतःची पत्नीही मातीआड गेली आहे व या दुखण्याला बाहेरून लावण्याजोगे औषध नाही, हे तो जाणतो. परंतु भाड्याचा शब्द त्याने दिलेला आहे. मार्टीला ठाऊक आहे की, हे घर म्हणजे तुरुंग नव्हे. वसंत येतो, तांडा येतो आणि ती राहते. तिचा खरा होकार तो.

दुसऱ्याचे हित इच्छिणे म्हणजे प्रेम, हे संत थॉमस अक्विनास यांचे मत सेमिनरीत आम्ही घोकले होते. हित इच्छिणे हे ताबा मिळविण्याहून वेगळे आहे; बरे करून दाखविण्याहूनही वेगळे आहे. घायाळ माणसाला वाचवू पाहणाऱ्याचा मोह मोठा सूक्ष्म असतो. 'मी तुला चिखलातून काढले' हे वाक्य त्याने उच्चारले नाही तरी भिंतींना ऐकू येते. ज्याने वाचविले तो सावकार होतो, जी वाचली ती कर्जदार होते, आणि व्याज आयुष्यभर फिटत नाही. बहुधा वाचविणाऱ्याचीही एक जखम असते. दुसऱ्याची बांधता बांधता ती लपविता येते.

येथवर मी कादंबऱ्यांविषयी लिहिले. आता मला जे सांगावयाचे आहे, ते सांगणे सोपे नाही. ज्या भगिनीविषयी लिहितो आहे तिची परवानगी घेतली आहे व ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गुरुदीक्षा होऊन मला दोनच वर्षे झाली होती. एका संध्याकाळी ही स्त्री कापडी पिशवी आणि लहान मूल घेऊन माझ्याकडे आली. नवरा दारू पिऊन मारीत असे. 'लग्न झालं की सुधारेल' या आपल्याकडील सनातन विश्वासाने तिचे लग्न लावून दिले होते. मी तिला होशेयची कथा सांगितली, आणि चांगली रंगवून सांगितली. पंधरा शेकेल रुपे आणि सातू देऊन होशेय गोमरला कसा परत आणतो, क्षमेला अंत कसा नसतो. तिने ऐकून घेतले, मुलाला कडेवर घेतले व ती घरी परत गेली.

होशेयच्या कथेत होशेयच्या जागी परमेश्वर आहे, हे मी कसे विसरलो? त्या संदेष्ट्याचा संसार हे एक चिन्ह आहे. देवाचे दुःख माणसांना कळावे म्हणून उभे केलेले. ते उचलून मी एका मार खाणाऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवले आणि तिला सांगितले की, तू देवासारखी वाग. शिवाय त्या कथेत निघून जाणारी दुसरीच आहे, मार खाणारी नव्हे. एवढाही विचार मी केला नाही. जोडीदारापासून शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा देणारे ११५३ वे कलम मला तेव्हा पाठ होते. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'अमोरिस लेतित्सिया' या प्रबोधनात, विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे लिहिले, तेव्हा मला ती कापडी पिशवी आठवली. कलम माहीत असणे आणि समोरची स्त्री दिसणे, यांत अंतर असते.

त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. शेजारच्या कॉन्व्हेंटमधील एका वयस्क सिस्टरांकडे गेली. सिस्टरांनी कोणतीही कथा सांगितली नाही. तिच्या मनगटाकडे पाहिले, मुलाला दूध दिले आणि माहेरापर्यंतचे एस.टी.चे भाडे तिच्या हातावर ठेवले.

वर्षभराने नवरा माझ्याकडे आला. दारू सोडणाऱ्यांच्या सभांना तो जाऊ लागला होता. "फादर, तुम्ही सांगितलंत तर ती येईल," असे त्याचे म्हणणे. मी नकार दिला. मी कठोर झालो, असे त्याला वाटले असावे. एकदा मी तिला धाडले होते, पुन्हा धाडणार नव्हतो. तो रविवारी मुलाला भेटावयास जाई, अंगणात बसे, संध्याकाळच्या गाडीने परत येई. असे किती रविवार गेले, ते मी मोजले नाहीत. जे कलम वेगळे राहण्याची मुभा देते, तेच पुढे सांगते की, कारण संपल्यावर सहजीवन पुन्हा सुरू व्हावे. पण कारण संपले हे कोणी ठरवावे? मी नव्हे, त्यानेही नव्हे. एका उन्हाळ्यात ती आपली तीच पिशवी घेऊन आली.

त्या तरुणीला कादंबरी परत करताना मी हीच हकीकत सांगितली. प्रेमाने माणूस बरा होतो का, याचे उत्तर त्यात तिला सापडले की नाही, ठाऊक नाही. ती गप्प होती. मी एवढेच जोडले की, ती भगिनी आजही तांदळाच्या डब्यात तळाशी माहेरच्या गाडीचे भाडे ठेवते. नवऱ्याला ते माहीत आहे. एवढ्या वर्षांत, अगदी घरात पैशांची चणचण असतानाही, त्याने त्या डब्याला हात लावलेला नाही.

तेव्हा इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या त्या तरुणाने प्रथमच तोंड उघडले.

"किती ठेवलेत, फादर?"

"एस.टी.चं भाडं वाढलं की ती भर घालते," मी म्हणालो.