शंभर सीसीच्या पुढे

अधिक सामर्थ्य हाती येण्यापूर्वी मनुष्य त्यासाठी पात्र झाला आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? राजांच्या आणि राज्यांच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आपल्या घरांत मात्र तो फार साध्या वेषात येतो. कॉलेजात किंवा नोकरीत असलेला मुलगा तीन-चार वर्षे शंभर सीसीची मोटारसायकल चालवतो. तिच्यावरून तो स्टेशन गाठतो, बाजार करतो, रविवारी आईला मिस्सेला नेतो. मग एका रात्री जेवताना तो म्हणतो, की आता मोठी गाडी घ्यायची आहे. त्यानंतरची चर्चा बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते : महिन्याचा हप्ता किती आणि एका लिटरला गाडी किती धावते. आईच्या मनातली भीती ही तिसरी गोष्ट. पण तिला युक्तिवादाची भाषा नसल्यामुळे ती 'उगाचची काळजी' म्हणून बाजूला सारली जाते. वस्तुतः त्या भीतीच्या पोटात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो नीट मांडला तर मुलालाही त्याला बगल देता येणार नाही.

प्रथम लहान गाडीविषयी. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ साली स्प्लेंडर बाजारात आली, आणि मध्यमवर्गीय कुटुंबांच्या अंगणात मोटारसायकल कायमची उभी राहिली. सुमारे ९७ सीसीचे इंजिन, आठ-एक अश्वशक्ती, एकशेदहा किलोंच्या आसपास वजन. या गाडीच्या काटकसरीचे कौतुक सगळेच करतात. मला तिचा सर्वांत मोठा गुण वेगळाच वाटतो : ती क्षमाशील आहे. वळणावर ॲक्सिलरेटरची मूठ जरा जास्त पिळली गेली, तरी कोरड्या रस्त्यावर मागचे चाक निसटावे एवढे बळ तिच्यात नाही. थांबण्याचा अंदाज चुकला, तरी मुळात वेगच बेताचा असल्यामुळे सावरायला अवधी मिळतो. उभ्या गाडीचा तोल गेला, तर एका पायाने ती आवरता येते.

शिकणाऱ्याला ही क्षमा हवीच. तिच्यावाचून कोणी काही शिकत नाही. पण ही क्षमा मुकी असते. आपण आता चुकलो आणि गाडीने ते पोटात घातले, हे चालवणाऱ्याला कळतच नाही. चार वर्षांत एकदाही पडलो नाही, असे तो अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही असते. त्या चार वर्षांत गाडीने त्याच्या किती चुका पोटात घातल्या, याचा हिशेब मात्र कोठेच लिहिलेला नसतो. यंत्राच्या सहनशीलतेला तो स्वतःचे कौशल्य समजू लागतो, आणि तो समज बरोबर घेऊनच मोठ्या गाडीच्या शोरूमची पायरी चढतो. नोकरीतील बढती, संस्थेतील अधिकारपद, एवढेच काय, नव्या संसाराची जबाबदारी, या साऱ्यांत मनुष्य असाच फसतो हे मला ठाऊक आहे. पण तो विस्तार येथे नको. मोटारसायकलचेच बोलू.

'मोठी' या शब्दाचेही दोन अर्थ आहेत व दुकानात ते एकमेकांत मिसळतात. साडेतीनशे सीसीची बुलेट १९० किलोंहून अधिक वजनाची, परंतु तिची शक्ती वीस अश्वशक्तीच्या आसपास. तिची परीक्षा वजनाची आहे : चढावर थांबणे, गल्लीत गाडी वळवणे, खडीवर पाय टेकणे. याउलट केटीएमची ड्यूक ३९० ही गाडी २०१३ साली भारतात आली ती ३७३ सीसी आणि सुमारे ४३ अश्वशक्ती घेऊन. वजनाने स्प्लेंडरच्या जेमतेम दीडपट आणि बळाने पाचपट! पहिली गाडी आपले मोठेपण स्टँडवरून काढतानाच सांगून टाकते. दुसरी ते मूठ पिळेपर्यंत लपवून ठेवते, आणि म्हणून मला दुसरीची धास्ती अधिक वाटते.

शिवाय सवयीचा प्रश्न आहे. स्प्लेंडरचे चारही गिअर पायाने पुढे दाबून पडतात. बहुतेक मोठ्या गाड्यांत पहिला गिअर खाली दाबून आणि पुढचे वर उचलून पडतात. शांतपणे चालवताना हा फरक दोन दिवसांत अंगवळणी पडतो. पण घाईच्या क्षणी पाय मेंदूला विचारत नाही. वरचा गिअर टाकण्यासाठी तो जुन्या सवयीने खाली दाबला जातो, गिअर वाढण्याऐवजी उतरतो, आणि मागच्या चाकाला असा हिसका बसतो की शिकाऊ माणूस गांगरून जातो. जुन्या बुलेटमध्ये तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. त्या गाडीवर नवखा माणूस ब्रेक समजून काय दाबत असेल, हे वाचकांनीच ताडावे.

वेगाचे गणितही मनाला सरळ वाटते तसे सरळ नाही. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते; ९० ला २५ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेकवर हात पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरा. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर कसून ब्रेक लावला, तर ६० च्या वेगाला आणखी २० मीटर लागतील आणि ९० च्या वेगाला ४५. म्हणजे एकूण ३७ मीटरच्या जागी ७०. वेग दीडपट झाला, थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले. आणि मोठ्या गाडीवर ९० चा वेग ९० सारखा वाटत नाही, ही खरी मेख आहे. लहान गाडी सत्तरच्या पुढे थरथरू लागते, कुरकुरते. तिचा तो आवाज हा एक प्रकारचा उपदेशच असतो. मोठी गाडी त्या वेगाला गप्प असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याचे वर्ग केले, त्यात मोटारसायकलचे दोन : गिअर नसलेली आणि गिअर असलेली. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी देऊन दुसरा परवाना मिळवतो, आणि त्याच परवान्यावर त्याला दुसऱ्या दिवशी हजार सीसीची गाडी रस्त्यावर आणता येते. युरोपीय संघाने १९ जानेवारी २०१३ पासून लागू केलेल्या पद्धतीत मात्र पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर १२५ सीसी आणि १५ अश्वशक्तीपर्यंतची गाडी. दुसऱ्या पायरीवर सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतची. दुसरीवर किमान दोन वर्षे काढल्यावर पुढचे प्रशिक्षण वा चाचणी, आणि मगच कोणतीही गाडी. मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटची गाठायची असेल, तर सर्वसाधारणपणे वयाची चोवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. जपानातही ४०० सीसीच्या पुढे वेगळा परवाना लागतो.

अशा पायऱ्यांना कोणी तरुणांवरचा अविश्वास म्हणेल. मला त्यांत मनुष्यस्वभावाची अचूक ओळख दिसते. आपण तयार आहोत की नाही, हे सांगण्यास सर्वांत अपात्र व्यक्ती म्हणजे आपण स्वतः, एवढेच त्या पायऱ्या सांगतात. आपल्याकडे ही शिडी नसल्याने तिची जागा रिकामी राहिली असती तरी एक वेळ चालले असते; पण ती जागा पैशाने घेतली आहे. ज्याला हप्ता परवडतो तो पात्र. शोरूममध्ये पगाराची पावती मागतात. ब्रेक लावायला कोठे शिकलात, असे कोणी विचारत नाही. जेथे कायदा मौन धरतो तेथे सद्सद्विवेकबुद्धीचे काम वाढते, आणि कर्जाच्या कागदांवर जामीन म्हणून सही करणाऱ्या वडिलांच्या विवेकबुद्धीचेही.

मात्र मोठ्या गाडीची इच्छा म्हणजे निव्वळ डौल, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याला रोज मुंबई-अहमदाबाद महामार्गाने कामावर जावे लागते, त्याला लहान गाडीवर ट्रकच्या बाजूने पुढे जाताना जीव मुठीत धरावा लागतो; तेथे हाताशी राखून ठेवलेले बळ हे संरक्षणच आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या दुचाक्यांना, चाक जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली. लहान गाड्यांना त्या वेळी त्याहून साधी व्यवस्था पुरेशी मानली गेली. तेव्हा मोठी गाडी काही बाबतींत अधिक सुरक्षित आहे, हे मान्य केले पाहिजे. आणि आनंदाचे काय? घाटातल्या वळणावर गाडी नेमकी हवी तेवढी कलावी, रस्ता आणि शरीर यांचा मेळ बसावा, हा एक निर्मळ आनंद आहे. त्याची थट्टा करणाऱ्याने तो कधी घेतलेला नसतो. २००७ साली व्हॅटिकनच्या, स्थलांतरित व प्रवासी यांच्या पालकीय सेवेसाठी असलेल्या परिषदेने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यावर विनोद झाले. त्यांतील पाचवी आज्ञा वाहनाला सत्तेचे व वर्चस्वाचे साधन करू नका, अशा आशयाची आहे. वाहनातील आनंदावर तीत आक्षेप नाही. घरापासून स्टेशनापर्यंतच्या दोन किलोमीटरांसाठी, सायलेन्सर बदलून, साऱ्या आळीची झोप मोडत जाणाऱ्या बुलेटला ती आज्ञा चपखल लागू पडते, एवढे मी म्हणेन.

या संदर्भात टी. ई. लॉरेन्स या माणसाची आठवण होते. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जग त्याला ओळखते. त्याने ब्रफ सुपिरिअर या अतिशय वेगवान इंग्रजी मोटारसायकली एकामागून एक अशा सात बाळगल्या, आणि आठवी बनत होती. आपल्या गाडीला तो बोआनेर्गेस म्हणे. मार्कच्या शुभवर्तमानात (३:१७) प्रभूने याकोब व योहान या बंधूंना दिलेले हे नाव : गर्जनेचे पुत्र. इंजिनाच्या आवाजावरून ते सुचले असणार. पण याच बंधूंनी, स्वागत नाकारणाऱ्या शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडू का, असे विचारले होते आणि प्रभूने त्यांना धमकावले होते, हे लूकच्या नवव्या अध्यायात आहे. हाती नसलेले सामर्थ्य कोणावर वापरायचे हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते.

१३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यात आपल्या घराजवळच्या रस्त्यावर लॉरेन्सला सायकलवरून जाणारी दोन मुले अचानक समोर दिसली. त्यांना वाचवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी मरण पावला. वय ४६. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि हेल्मेटचा आग्रह शास्त्राच्या पायावर उभा राहिला. लॉरेन्स नवशिका नव्हता. पात्रतेच्या कोणत्याही कसोटीला तो उतरला असता. तरीही त्या रस्त्यावर दोन मुले होती, आणि त्याच्या छंदातील धोका पत्करतो असे त्यांनी कोठेही कबूल केले नव्हते. 'जीव माझा आहे, धोका माझा आहे' हे तरुणांचे आवडते वाक्य येथे अडखळते. रस्त्यावर सर्वस्वी स्वतःचा असा धोका नसतोच.

मग तयारी ओळखावी कशी? सर्वाधिक वेग किती गाठला, हे त्याचे माप नव्हे. चालत्या माणसाच्या गतीने, पाय न टेकता, अरुंद रस्त्यावर गाडी वळवता येते का, हे पाहावे. ठरवलेल्या खुणेवर, चाक न घासता, थांबता येते का, हे पाहावे. दोन्ही गोष्टी लहान गाडीवर आणि रिकाम्या मैदानात करून पाहता येतात. त्या साधत नसतील, तर लहान गाडीचे शिक्षण अजून संपलेले नाही. आणि एक साक्षीदार अवश्य विचारात घ्यावा : मागे बसणारा. चालवणाऱ्याला जे धाडस वाटते ते मागच्याला अगोदर कळते, कारण त्याच्या हातात मूठही नसते आणि ब्रेकही नसतो. मित्राची साक्ष येथे फारशी उपयोगी नाही. साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन बसणारी आई काय म्हणते ते ऐकावे.

तिच्या संदर्भात आणखी एक साधी गोष्ट दिसते. वेगवान बनावटीच्या अनेक गाड्यांवर मागची बैठक उंच, तोकडी आणि पुढे झुकलेली असते. आईला तीवर बसताच येत नाही. भाजीची पिशवी अडकवायला जागा नसते. गाडी मोठी होते आणि तिच्यावरची माणसे कमी होतात. हे चूक आहे असे मी म्हणत नाही. पण नवी गाडी निवडताना घरातले कोण आता चालत किंवा रिक्षाने जाणार आहे, याची बेरीज-वजाबाकी हप्त्याच्या हिशेबाबरोबर मांडायला हरकत नाही.

जुन्या गाडीचे काय करायचे, हा शेवटचा प्रश्न. पुष्कळ घरांत ती धाकट्या भावाकडे जाते, आणि तो पुष्कळदा सोळाच वर्षांचा असतो. सोळाव्या वर्षी कायदा केवळ ५० सीसीपर्यंतची गाडी चालवू देतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून किल्ली धाकट्याच्या खुंटीला लावू नये. माझे मत विचाराल तर लहान गाडी निदान एक पावसाळा तरी विकू नये. जून ते सप्टेंबर रस्त्यावर शेतातला चिखल येतो, गटारांची लोखंडी झाकणे आणि पांढरे पट्टे तेलकट होतात, आणि मोठ्या गाडीची ओळख करून घेण्याचा तो काळ नव्हे. ते चार महिने स्टेशनाला, बाजाराला आणि आईला मिस्सेला नेण्यासाठी जुनीच गाडी काढावी. नवीचे कव्हर कोरड्या दिवशी काढावे आणि पहाटे, रस्ता रिकामा असताना, तासभर ती सावकाश चालवून आणावी.