वसवणारा आणि कोंडणारा



आजचं वाचन गीतेचा सोळावा अध्याय, दैवी आणि आसुरी संपत्ती. सुट्टीला नांदेडला आलोय. पहाटे गोदावरीच्या घाटावर मोबाईलवरच वाचत बसलो आणि राहून राहून घाशीराम कोतवाल आठवला. नाटकातला नाही, खरा.

घाशीराम सावळदास आपल्या मराठवाड्यातूनच, औरंगाबादेहून पुण्याला गेलेला. १७७७ मध्ये, नाना फडणवीसांच्या काळात, तो कोतवाल झाला. चौक्या, गस्त, शहराचा बंदोबस्त सगळं त्याच्याकडे. नवापुरा ही पेठ त्यानंच वसवली. माणसांना राहायला जागा करून देणं हे काही लहान काम नाही. आणि याच माणसाच्या अमलात ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या आळावरून कोंदट जागेत कोंडलं गेलं. दार उघडलं तेव्हा २१ जण गुदमरून गेले होते. लोक खवळले. घाशीरामाला देहदंड झाला, धिंड काढून दगडांनी ठेचून मारलं. ती शिक्षा मला न्यायापेक्षा राग जास्त वाटते, पण तो वेगळा विषय.

माझा प्रश्न असा की, पेठ वसवल्याचं पुण्य त्या २१ जिवांतून वजा होतं का? इंजिनिअरचं डोकं लगेच नेट बॅलन्स काढायला बसतं. आपला कर्मसिद्धांत मात्र तसा हिशोब करत नाही. पुण्याचं फळ वेगळं, पापाचं वेगळं, दोन्ही भोगूनच संपतात. लातूरची आजी हेच साध्या भाषेत म्हणायची, "एकाला जेवू घातलं म्हणून दुसऱ्याच्या ताटातलं काढून घ्यायचं का रे?"

हे आजच का टोचलं ते सांगतो. मागच्या महिन्यात एका तक्रारीवरून मी टीममधल्या ज्युनिअरचा ॲक्सेस बंद केला. शुक्रवारची संध्याकाळ होती. सोमवारी बघू म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. तक्रार खोटी निघाली. त्या पोरानं दोन रात्री नोकरी गेली असं समजून काढल्या. घाशीरामालाही कुणाला मारायचंच होतं असं मला वाटत नाही. कुलूप लावलं की विषय संपला, एवढंच त्याच्या डोक्यात असेल.

मला कुणी जाब विचारला असता तर उत्तर तयार होतं: ही टीम मी शून्यातून उभी केलीय. सोळाव्या अध्यायातला आसुरी माणूसही आपण काय काय मिळवलं याचीच यादी वाचत बसतो.

त्या पोराला मी अजून नीट सॉरी म्हटलेलं नाही. 'मिसकम्युनिकेशन झालं' असा एक मेसेज टाकलाय फक्त. आता घाटावरून उठतो आणि आधी त्याला फोन लावतो.

उद्या सतरावा अध्याय.