देयक आणि ऋण

ओमानमधील सोहारच्या औद्योगिक वसाहतीच्या आश्रयाने, बंदराच्या आणि ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांच्या पगारावर संसार मांडलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांच्या वाट्यास अंगणाचा तुकडा आला आहे, त्यांच्यापुढील हिरवळीचा प्रश्न केवळ बागकामाचा नसून धर्माचाही आहे, असे मला वाटते. वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या बातिना किनाऱ्यावर नळाचे पाणी मुख्यतः समुद्राचे खारेपण काढून मिळवलेले असते, आणि अशा 1,000 लिटर पाण्यास आजच्या यंत्रांनाही तीन-चार युनिट वीज लागते. पन्नास चौरस मीटर हिरवळीस रोज 6 मिलिमीटर पाणी देतो म्हटले, तर 300 लिटर झाले. देयक मी भरतो, तेव्हा पाणी माझे, हा युक्तिवाद वसुलीच्या दप्तरात बिनतोड आहे. पण देयक चुकते केल्याने ऋण फिटते काय?

याच देशातील फलजांची वहिवाट निराळी आहे. डोंगरातून आणलेल्या या पाटांवर प्रत्येकाचा हिस्सा वेळेने मोजला जातो, परंपरेने दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून. हिस्सा वारशाने मिळतो, विकताही येतो, आणि त्याची व्यवस्था फलजचा ‘वकील’, म्हणजे कारभारी, पाहतो. तरीही, मालकी इतकी काटेकोर असताना, पाट शेतांत शिरण्यापूर्वी त्यातून पिण्याचे पाणी घेण्यास कोणासही मज्जाव नाही. खानदेशातील पांझरा नदीवरच्या फड-सिंचनातही पाणी आटले की भिजवायचे क्षेत्र सर्वांनी मिळून कमी करावे, असाच दस्तूर होता. आणि काशीहून रामेश्वरास न्यायची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिकामी करणाऱ्या संत एकनाथांच्या कथेत, पाणी स्वतःच्या खांद्यावरून वाहिलेले असूनही, त्यावर पहिला हक्क तहानेचाच ठरला.

हिरवळ म्हणजे काही गाढव नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु ती येथे आपण होऊन आलेली नाही. आपल्या नेत्रसुखासाठी तिला वाळूत आणून वसवल्यावर, तिची तहान हे आपणच पत्करलेले ऋण आहे, आणि ते उधळपट्टीने फिटत नाही. सायंकाळी रबरी नळी हाती घेऊन पाती ओली करणे हा तर देणाऱ्याचाच विरंगुळा: वरवरच्या शिंपणाने मुळे वरच राहतात, आणि पाणी उडून गेल्यावर त्यातील क्षार मातीच्या माथ्यावर साचतात. पाणी पहाटे द्यावे, ऊन व वारा त्यावर हात मारण्यापूर्वी. थोड्या दिवसांच्या अंतराने, पण खोलवर मुरेल इतके. रेताड जमिनीत ते झरकन खाली निसटते, म्हणून मुळांच्या खोलीपलीकडे जाईल इतके एकदम सोडू नये. फरशीवर वाहिलेला थेंब मात्र निखालस कसूर समजावा. गणपतीस दूर्वा म्हणून वाहिली जाते ती हरळी येथे लॉनसाठीही लावतात, आणि पाण्याची ओढ पडली तर ती पिवळी पडून तग धरते. लगेच मरत नाही.

म्हणून हिरवळ दोन-चार सतरंज्यांपुरती राखावी, तिला पोटभर पाणी द्यावे, आणि उरलेले अंगण वाळूचेच राहू द्यावे, हाच मला न्याय वाटतो.