शरण आलेल्या जीवाला ठाव

अहिंसा हा आपल्या आचारधर्माचा पाया आहे, याविषयी पंथात दुमत नाही. उपदेशी असो वा वासनिक, मांसाहार वर्ज्य, देवतेपुढील पशुबळी वर्ज्य आणि जाणूनबुजून केलेला जीवघात हा तर महादोष, हे लहानपणापासून आपल्या कानांवर आलेले असते. परंतु रानाचे व रानातील जीवांचे रक्षण गावाने मिळून करावे असे कोणी म्हटले, की काही वासनिक उत्तर देतात, “आम्ही मारीत नाही, एवढे पुरे आहे. रान राखणे हे सरकारचे काम.” काही साधनवंतही म्हणतात, की निवृत्तिमार्गाच्या माणसाने असल्या व्यापात पडू नये. दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे. म्हणूनच त्यांचा शास्त्रदृष्टीने विचार करणे प्राप्त आहे.

या विचाराला लीळाचरित्रातील ससिकरक्षणाची लीळा आधारभूत आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे धावत आलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला. मागोमाग आलेल्या शिकाऱ्यांनी तो मागितला. सर्वज्ञांनी तो दिला नाही. शरण आलेल्याला मरण कसे असेल, हा त्यांचा प्रश्न होता. रानातले गवत खाऊन आणि झऱ्याचे पाणी पिऊन राहणाऱ्या जीवाने तुमचे काय बिघडवले, असे विचारून त्यांनी शिकाऱ्यांचेही मन पालटविले. ते निघून गेल्यावर सर्वज्ञांनी जानू उचलून सशाला मोकळे केले.

या लीळेच्या निरूपणात शरणागताचे रक्षण व हिंसकाचे निवर्तन या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जातात. तिसरी गोष्ट मात्र सुटून जाते. ससा मोकळा केला तो कोठे गेला? तो रानात गेला. गवत होते, झरा होता, लपावयास झुडूप होते, म्हणून त्या सुटकेला अर्थ होता. आज तेच रान जाळून, नांगरून किंवा खणून टाकले आणि मग आपण म्हटले, की आम्ही सशाला हात लावला नाही, तर ते म्हणणे शब्दशः खरे असेल; पण सशाचे मरण त्याने टळत नाही. जीवाचा ठाव काढून घेणे हीही हिंसाच होय. तिच्यात शस्त्र दिसत नाही, एवढाच फरक.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की प्रत्येक जीव आपापल्या कर्मानुसार त्या त्या योनीत आला आहे; त्याच्या सुखदुःखात आपण का पडावे? याचे उत्तर लीळेतच आहे. तो न्याय त्या सशालाही लागू करता आला असता. सर्वज्ञांनी तसे केले नाही. जीवाचे भोग त्याच्या कर्माने ठरत असले, तरी त्याला पीडा देण्याचा दोष पीडा देणाऱ्याकडेच येतो. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. रान राखले म्हणजे वाघही राखला आणि वाघ तर हरिण मारणारच. मग ही अहिंसा कशी? परंतु वाघाला विवेकाचा अधिकार नाही. तो अधिकार मनुष्यदेहाला आहे, म्हणून विधिनिषेधही मनुष्यालाच आहेत. वाघ आणि हरिण यांच्यामध्ये न्यायाधीश होण्यास आपणास कोणी सांगितलेले नाही; दोघांचाही ठाव आपण हिरावून घेऊ नये, एवढेच आपले कर्तव्य आहे.

हे लिहिणे सोपे, आचरणे मात्र कठीण आहे. आपले असंख्य वासनिक विदर्भात शेती करतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवितो. रोही तूर खाऊन जातात. शेतकरी मचाणावर रात्री जागून काढतो. अशा माणसाला मठात बसून अहिंसेचा उपदेश करणे हा उपदेश नव्हे. पण म्हणून कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडण्याचे समर्थनही होऊ शकत नाही. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि माणूस यांतला भेद कळत नाही. तिन्ही तेथे मेलेले आहेत. खरा दोष असा, की रानाचा लाभ सगळे घेतात आणि हानी मात्र काठावरच्या एकट्या शेतकऱ्याच्या माथी येते. म्हणून रक्षण गावाचे असावे, तसा भारही गावाचाच असावा. राखणीची पाळी वाटून घेणे, नुकसानीचा पंचनामा व भरपाई मिळेपर्यंत त्या शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहणे, हेही अहिंसेचेच अंग मानले पाहिजे.

असे करणारी गावे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या लहानशा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपाने हे त्या भागातील हमखास उत्पन्न. पण कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून झाडे छाटली जातात आणि जंगलात आगी लावल्या जातात. गावाने सभेत विचार करून तेंदूपाने तोडणेच सोडले, बांबूवर निर्वाह बसविला आणि जंगलाचा काही भाग देवराईसारखा अस्पर्श ठेवला. हाती येणारा पैसा त्यांनी आपण होऊन सोडला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. त्याच कायद्याचे पाचवे कलम वन्यजीव, वन व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला देते. म्हणजे हे काम केवळ सरकारचे, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही.

राहिला साधनवंतांचा प्रश्न. त्यांनी समित्यांत बसावे, हिशेब ठेवावे, असे कोणी म्हणणार नाही. तो व्याप निवृत्तीस बाधक आहे हे खरे. पण झाडाखाली आयुष्य घालविण्याची आज्ञा ज्यांना आहे, त्यांना झाड राहते की जाते याविषयी उदासीन कसे राहता येईल? सर्वज्ञांनी सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे एकांतवास केला, असे आपली परंपरा सांगते. विजनाचा विधी पाळावयाचा, तर विजन शिल्लक असावे लागते. अटनात गावोगाव फिरणाऱ्या साधूचा शब्द जेथे पोहोचतो, तेथे कागदी फर्मान पोहोचत नाही. वणवा लावू नका, तारेत वीज सोडू नका, पाणवठ्यात विष कालवू नका, आणि शेजाऱ्याचे पीक गेले तर त्याला एकटे सोडू नका, एवढे त्याने निरूपणाच्या शेवटी सांगितले, तरी व्रतभंग न होता मोठे काम होईल. वासनिकांनी ते ग्रामसभेत नेऊन पार पाडावे.

सर्वज्ञांनी सशाला जन्मभर जानूखाली ठेवले नाही. भय सरताच त्याला त्याच्या रानाकडे जाऊ दिले. ते रान आज आपल्या हाती आहे.