फ्लॉपीतली मराठी

2023च्या अखेरीस मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमध्ये अनेक वर्षं न उघडलेले बस्ते सुटले. मराठा-कुणबी प्रमाणपत्रांसाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या आणि परभणी जिल्हाही त्या शोधात होता. कागद होते, पण मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं मोजकीच होती. तरीही काम पुढे सरकलं, कारण मोडी शिकवणारी पुस्तकं छापलेली आहेत, वर्ग चालतात आणि 2014 साली या लिपीला युनिकोडमध्येही जागा मिळाली. निजामाच्या काळातला कारकून काय लिहून गेला, ते वाचायला कुठल्या कंपनीची परवानगी लागली नाही.

असाच शोध 2080 साली घ्यायचा ठरला आणि हवं असलेलं दप्तर 1996चं निघालं, तर काय होईल?

त्या वर्षांतली परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूरची छापील मराठी डीटीपी सेंटरमध्ये तयार होत होती. साप्ताहिकं, गौरवअंक, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिका, सगळं पेजमेकरमध्ये जुळवलं जायचं. अक्षरं श्री-लिपी, आकृती किंवा सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमची असायची. प्रत्येकाची मांडणी वेगळी. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले: कुठे अर्धा 'ण', कुठे नुसती वेलांटी. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्यात भर म्हणून बरंचसं महाग सॉफ्टवेअर डोंगलशिवाय, म्हणजे संगणकाला जोडायच्या किल्लीवजा तुकड्याशिवाय, चालत नसे. डोंगल हरवला की पैसे मोजून घेतलेला प्रोग्रामही मुका.

हे सगळं विंडोजवरचं झालं. त्याच्या खालचा थर डॉसचा आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सीडॅककडे आलं आणि त्याचं एक कार्ड संगणकात बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटू लागे. ही फार मोठी कामगिरी होती आणि तिचं पुरेसं कौतुक आपण केलेलं नाही. आज डॉसची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम फुकट मिळतात. पण त्या नकलेत ते कार्ड नसतं. कार्डाच्या आत काय चालायचं, हे जोवर उघडपणे मांडलं जात नाही, तोवर त्यावर विसंबलेला प्रोग्राम तिथे मराठी दाखवणार नाही.

म्हणून सोर्स कोडचा प्रश्न मला केवळ संगणकवाल्यांचा वाटत नाही. प्रोग्रामर माणसाला वाचता येईल अशा भाषेत सूचना लिहितो, तो सोर्स कोड. यंत्रासाठी त्याचं रूपांतर होतं आणि ग्राहकाच्या हाती तेवढं रूपांतर पडतं. ज्वारी दळून भाकरीपुरतं पीठ मिळतं, पिठातून पेरायला बियाणं परत मिळत नाही. 'परभणी क्रांती' भेंडीचं वाण देणारं कृषी विद्यापीठ ज्या गावात आहे, तिथे बियाणं जपण्याचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागू नये.

मायक्रोसॉफ्टने आपलं हे बियाणं उशिरा का होईना, खुलं केलं. 2014च्या मार्चमध्ये डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांचा कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमच्या हाती दिला, 2018मध्ये तो कुणालाही वापरता येईल अशा एमआयटी परवान्याखाली आणला आणि एप्रिल 2024मध्ये आयबीएमच्या सोबतीने डॉस 4.00चा कोडही खुला केला. या शेवटच्या वेळी एक गोष्ट उघड झाली. त्याच काळातल्या, एकाच वेळी अनेक कामं करू शकणाऱ्या डॉसचा पूर्ण कोड खुद्द मायक्रोसॉफ्टलाही सापडला नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला स्वतःचं दप्तर सांभाळता आलं नसेल, तर नव्वदच्या दशकातल्या आपल्या छोट्या भाषा-सॉफ्टवेअर कंपन्यांकडून काय अपेक्षा ठेवायची? आपल्याकडे उदाहरण अगदीच नाही असं नाही. आकृती बनवणाऱ्या बंगळुरूच्या सायबरस्केप मल्टिमीडियाने आपले काही भारतीय भाषांचे फॉन्ट जीपीएल परवान्याखाली मोकळे केले होते. बाकीच्यांनी निदान फॉन्टचे जुने तक्ते, म्हणजे कुठल्या आकड्यावर कुठलं अक्षर बसवलं होतं ते, तरी खुले करावेत. आज युनिकोडच्या काळात त्यांत धंद्याचं गुपित काहीच उरलेलं नाही.

जपायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने खेळही येतात, पण त्यांचा विषय काढला की लोक हसतात. शाळेच्या संगणक कक्षात, नेट कॅफेत पोरं 'डेव्ह' आणि 'प्रिन्स' खेळायची, ते कशाला जपायचं? असाच प्रश्न जात्यावरच्या ओव्यांबद्दलही विचारता आला असता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी तो मनावर घेतला नाही. गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभारला आणि तो पुढे ग्रामीण भारताविषयीच्या 'पारी' या संकेतस्थळाकडे आला. जनाबाईंच्या गंगाखेडचा आमचा जिल्हाही त्या संग्रहात आहे. एखाद्या पिढीने रिकाम्या वेळात काय केलं, हे तिच्या सरकारी कागदांतून कधीच कळत नाही.

शिवाय खेळ जपणं सर्वांत कठीण. पुस्तकाचा फोटो काढता येतो. खेळ मात्र चालू असेल तेव्हाच खेळ असतो, त्याला यंत्र, कळफलक, आवाज आणि वेग सगळं लागतं. जॉर्डन मेकनरच्या 1989च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ कोड हरवल्यासारखाच होता. 2012 साली त्याच्या वडिलांना कपाटात जुन्या फ्लॉपी सापडल्या, जाणकारांनी त्या वाचल्या आणि मेकनरने कोड सगळ्यांसाठी खुला केला. असं नशीब क्वचित लाभतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023च्या अभ्यासानुसार अमेरिकेत 2010च्या आधी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. भारतात साध्या बटणांच्या मोबाइलवर चालणारे क्रिकेटचे आणि सिनेमाचे कितीतरी खेळ निघाले. फोन भंगारात गेले, त्यांच्यासोबत खेळही गेले.

आपला कायदा इथे आडवा येतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृती म्हणून गणला जातो. म्हणजे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, परभणीचे लेखक बी. रघुनाथ यांच्या कादंबरीइतकंच. पण कादंबरी साठ वर्षं कपाटात टिकते, फ्लॉपी टिकत नाही. 2012च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठवायची मुभा दिली, पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून हवी. जन्मच डिजिटल असलेल्या प्रोग्रामची बिगर-डिजिटल प्रत आणायची कुठून? प्रकाशकांनी राष्ट्रीय ग्रंथालयात प्रत पाठवावी असं सांगणारा 1954चा कायदाही पुस्तकं आणि वृत्तपत्रांपाशी थांबतो. दुरुस्तीतली ती अट काढायला एक ओळ पुरेल. मराठीला 2024मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर ज्यांनी पेढे वाटले, त्यांनी ही एक ओळ मागायला हवी.

कायदा बदलेपर्यंत बरंच काही हातात आहे. डीटीपीची दुकानं बंद होत आहेत, संगणक किलोवर भंगारात जात आहेत. ते जाण्याआधी दुकानदाराने आपल्याकडच्या प्रत्येक फॉन्टमध्ये कळफलकावरची सगळी बटणं क्रमाने दाबावीत, शिफ्टसह आणि शिफ्टशिवाय, जोडाक्षरांची एक ओळही टाइप करावी. त्याची छापील प्रत काढावी आणि तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन कागदाला जोडावी. फॉन्ट मेला, कंपनी बुडाली, तरी या दोहोंवरून कुठल्या आकड्यामागे कुठलं अक्षर होतं, याचा तक्ता पुन्हा बांधता येतो. छापलेली लग्नपत्रिका आणि तिची मूळ फाइल एकत्र सापडली तरी बरंच साधतं. अशी पाकिटं जिल्हा ग्रंथालयाने दुकानाचं नाव आणि वर्ष लिहून दाखल करून घ्यावीत. तीस वर्षं त्या फॉन्टमध्ये काम केलेले ऑपरेटर आज पन्नाशी-साठीत आहेत. तक्ता चुकला तर तो दुरुस्त करून द्यायला ते आज आहेत, म्हणून काम याच दिवाळीनंतर सुरू व्हावं.