कायद्याने घडविलेले पाप

आयरिश भाषेत 'पॉचीन' म्हणजे लहानसे भांडे. त्यात गाळल्या जाणाऱ्या घरगुती मद्यालाही तेच नाव मिळाले. सातूला मोड आणून, ते पीटच्या धगीवर वाळवून, आंबवून, तांब्याच्या भांड्यातून आणि गार पाण्यात बुडविलेल्या वेटोळ्या नळीतून उतरविलेला हा अर्क डोनेगॉल, मेयो, कॉनेमारा या मुलुखांतील शेतकऱ्याला खंड भरण्याइतका पैसा मिळवून देई. बिकट वाटांनी धान्याची पोती नेण्यापेक्षा तो नेणे सोपे. (खंड वेळेवर मिळत असल्याने कित्येक जमीनदारांनीही याकडे काणाडोळा केला, हे सोयीस्कर नीतीचे उत्तम उदाहरण.)

१६६१ साली मद्यावर कर बसला आणि १७६० मध्ये परवान्यावाचून गाळणे हाच गुन्हा ठरला. काल निर्दोष असलेली कृती आज निषिद्ध झाली, तर विवेकालाही ती सदोष वाटावी काय? काही धर्मप्रांतांतील बिशपांनी हे पाप क्षमा करण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला; तरीही भट्ट्या विझल्या नाहीत. श्रद्धाळू माणूस चोरीला पाप मानतो तसे यास मानत नव्हता, आणि त्यात त्याचा निव्वळ स्वार्थ होता असे म्हणणे उथळपणाचे होईल. कर ठरविणाऱ्या सत्तेशी त्याचे आपलेपणाचे नातेच नव्हते.

परंतु १७८३ च्या कायद्याने प्रश्नाचे रूपच पालटले. एखाद्या शिवारात बेकायदा भट्टी सापडली की दंड साऱ्या शिवारावर बसू लागला. गाळणारा निसटे, दंडापायी शेजाऱ्याची गाय जप्त होई. सामूहिक शिक्षेचा हा अन्याय उघड आहे. मात्र त्यामुळे गाळणाऱ्याची निर्दोषताही संपली, हे सहसा कोणी म्हणत नाही. आपल्या भांड्याची किंमत शेजाऱ्याच्या गोठ्यातून वसूल होणार, हे ठाऊक असून जो चूल पेटवितो, त्याचा अपराध राजाविरुद्ध नसला तरी शेजाऱ्याविरुद्ध असतोच. आणि ती गाय वाचविण्यासाठी बातमी देणारा? आयरिश लोकमानसात खबऱ्याइतका तिरस्कृत माणूस दुसरा नाही. तरीही बक्षिसासाठी बोलणारा आणि पोरांच्या दुधासाठी बोलणारा यांना एकाच पंक्तीत बसविणे कठीण आहे.

१९९७ पासून परवानाधारक कारखान्यांचे पॉचीन आयर्लंडमध्ये उजळ माथ्याने विकले जाते. २००८ मध्ये युरोपीय संघाने त्याला भौगोलिक संरक्षणही दिले. ज्या घरगुती भांड्यावरून हे नाव आले, त्यात परवान्यावाचून गाळणे तेथे अद्यापही गुन्हाच आहे.